झेरॉक्समधून बाहेर आलेल्या तीन मुली

लाल रंग असाही असतो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! लाल मी पाहिला नव्हता असं नाही. मळवटाचा पाहिला, नवरीच्या शालूचा पाहिला, पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात त्या हिंगुळाचा तर हाताला लागलेला चार दिवस मिरवलाय. पण हा लाल एका पोरीच्या अंगावर गप बसला होता, ओरडत नव्हता, चमकत नव्हता, आणि तरी त्या दालनात शिरल्या शिरल्या माझे पाय तिथंच थांबले. शेजारच्या पोरीच्या अंगात हिरवं. तिसरीचं फिकं. मागं घर नाही, झाड नाही, ओसरी नाही, काही नाही. तिघी बसलेल्या, आणि तिघींपैकी एकीचीही नजर आपल्याकडे नाही.

आणि मजा अशी की हे चित्र मला तोंडपाठ होतं! ‘तीन मुली, 1935, अमृता शेरगिल. 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक.’ कला आणि संस्कृतीच्या नोट्समधली ओळ, पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली. वर टिकलीएवढा फोटो, तोही झेरॉक्सचा झेरॉक्स काढून काढून काळा पडलेला. त्यात तीन डाग दिसायचे. त्या तीन डागांवर मी सराव परीक्षेत गुण मिळवलेले आहेत. आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ते डाग माझ्यासमोर माणसं होऊन बसले होते आणि मला रडू येईल की हसू, काही कळत नव्हतं.

दिल्लीतल्या जुन्या राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बीडची इतकी पोरं आहेत की चहाच्या टपरीवर धारूर, केज, गेवराई, आष्टी असे तालुके ओळीनं उभे दिसतात. सगळ्यांच्या पाठीवर सारखीच सॅक, सगळ्यांच्या खोलीत भारताचा सारखाच नकाशा. मी त्यातलीच एक. इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस नावाची इमारत आहे, जयपूरच्या महाराजांचा हा दिल्लीतला वाडा, तिथं 1954 साली हे संग्रहालय सुरू झालं, हे सगळं मला येत होतं. तिथं जाता येतं, वीस रुपयांचं तिकीट काढून आत शिरता येतं, हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. अभ्यासक्रमातल्या जागी कुणी जातं का? हडप्पाला कोण गेलंय?

नेलं ते मामानं. म्हणजे मामाला काही चित्रं बघायची नव्हती. तो शेतकऱ्यांच्या मोर्चाबरोबर दिल्लीला आला होता, परतीची गाडी रात्रीची, दुपार मोकळी. त्याला इंडिया गेट बघायचं होतं. ते दहा मिनिटांत बघून झालं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. समोर एक घुमटाची थंड दिसणारी इमारत. मामा म्हणाला, “ते काय हाय गं? तिथं बसू देत्यात का?” मी पाटी वाचली आणि माझ्या नोट्समधलं अख्खं पान माझ्या अंगावर आलं.

सुरुवातीच्या खोल्या आम्ही भराभर ओलांडल्या. साहेबांच्या काळातली चित्रं, टोप्या, घोडे, नद्यांचे घाट. खरं सांगायचं तर मला ती आजही फारशी ओढत नाहीत. राजा रविवर्म्यापाशी मामा थबकला. “हे तर आपल्या घरातलं!” असं तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की दोन परदेशी पाहुण्यांनी मान वळवली. चूक काय त्याची? रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या देवळीदेवळीत जाऊन बसल्या. आमच्या घरातली तर त्या छापाच्या छापाची नातसून असेल. पण समोरच्या तैलरंगातली कातडी बघा! गालावर उजेड पडलाय तो वेगळा आणि गळ्याखाली सावली आहे ती वेगळी, आणि दागिना म्हणजे जवळून नुसता पिवळा ठिपका, दोन पावलं मागं सरकलं की सोनं. मी पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिले. मामा म्हणाला, “कवायत करायलीस का?”

आणि मग ते दालन. मग तो लाल.

मामा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं त्या तिघींकडे पाहिलं. मी त्याला उत्साहानं सांगायला लागले, की ही बाई बुडापेस्टला जन्मली, पॅरिसला शिकली, 1934 च्या अखेरीस हिंदुस्थानात परतली आणि लगेच पुढच्या वर्षी हे केलं, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी वारली, 1941 साली, लाहोरला. अठ्ठावीस, मामा! मामानं मला हातानं थांबवलं.

“पाव्हणे येणार हाईत,” तो म्हणाला.

“कुठले पाहुणे?”

“बघाया. हात कसे ठिवलेत बघ की. आपली थोरली अशीच बसली हुती.”

नोट्समध्ये या चित्राबद्दल ‘उदास भाव, पाश्चात्त्य तंत्र व भारतीय विषय यांचा संगम’ असं लिहिलंय. असेल. पण मला त्या क्षणी जे दिसलं ते संगम-बिंगम नव्हतं. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न घराघरात उभा राहतो. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून किती लग्नं उरकली गेली याची मोजदाद कोण करणार? मामाच्या थोरलीचं तसंच झालं. ती आता दोन पोरांची आई आहे, स्वतःच कोयता झालीय. तिचा फोटो कुणी काढला नव्हता त्या दिवशी. आणि बीडपासून इतक्या लांब, तिच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी, पंजाबी कपड्यांतल्या तीन पोरींना समोर बसवून एका बाईनं तिचे हात काढून ठेवले होते! बरोबर तेच हात! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चित्र असं करू शकतं? मग इतके दिवस मला कुणी बोललं का नाही?

त्याच शेरगिलचं पुढचं चित्र ‘वधूचा शृंगार’, आणि ‘ब्रह्मचारी’. दोन्ही 1937 ची. मधे काय घडलं माहितेय? मधे ही बाई आमच्या मराठवाड्यात येऊन गेली! 1936 च्या हिवाळ्यात ती मुंबईहून अजिंठा-वेरूळ बघायला आली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीडही निजामाच्याच राज्यात. ती लेणी बघून ती दक्षिणेत उतरली आणि तिचा हातच बदलला. ‘तीन मुली’तल्या पोरी अजून एकेकट्या आहेत, ‘वधूच्या शृंगारा’तल्या बायका एकमेकींना धरून आहेत, गोऱ्या नवरीभोवती सावळ्या बायका, मातीचे रंग, कुणी कुणाच्या केसांत हात घातलेला, नवरीचे रंगलेले तळवे पुढं. भिंतीवरून उचलून आणल्यासारखी सगळी मंडळी. मीही शाळेच्या सहलीतून अजिंठ्याला गेले आहे. मला आठवतात ती वटवाघळं, गाइडची बॅटरी आणि बाईंनी ओळीत उभं राहा म्हणून घातलेल्या हाका. म्हणजे एकाच गुहेत मीही उभी होते आणि तीही! ती बाहेर पडून हे करते, आणि आम्ही बाहेर पडून पेरू खाल्ले. (पेरू चांगले होते, ते सोडा.)

पण मामाची खरी दुपार उजाडली ती पुढं.

हरिपुरा पोस्टर्स. हाही आमचा परीक्षेचा लाडका प्रश्न: ‘1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी खालीलपैकी कोणत्या चित्रकाराने फलक रंगवले?’ अ, ब, क, ड. उत्तर, नंदलाल बोस. एका सेकंदात ठोकायचं आणि पुढं जायचं. आता समोर ते फलक एकामागून एक लागलेले आणि माझ्या पायांना पुढं जाताच येईना. कागदावर मातीच्या रंगांत रंगवलेले, वर कमानीसारखी महिरप, आणि आत माणसं. कुणी ढोल वाजवतंय, कुणी कापूस पिंजतंय, कुणी चुलीशी आहे. जाड, वळणदार रेघ, कुंचला एकदा टेकवला तो थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत नेऊनच उचललाय अशी. राजा नाही, देव नाही, साहेब नाही. कामाला जुंपलेली माणसं आणि त्यांची जनावरं!

“बैल!” मामा म्हणाला.

जमीन नांगरणारा शेतकरी आणि त्याची जोडी. दुसरीकडं बैलाला आवरणारा गडी. मामानं पाठीमागं हात बांधले आणि तो बाजारात जनावराभोवती फिरतो तसा चित्रापुढं फिरायला लागला. वशिंड बघितलं. मानेचा बाक बघितला. शिंगांपाशी बराच वेळ काढला.

“आपल्याकडला न्हाई ह्यो. लाल कंधारी न्हाई, देवणी न्हाई. गुजरातकडचा दिसायलाय.”

मी उडालेच. हरिपुरा सुरत जिल्ह्यात आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं! “मामा, हे गुजरातेतच लावलेले होते!” मग मी त्याला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा समजत गेलं. गांधीजींना काँग्रेसची अधिवेशनं शहरातून खेड्यात न्यायची होती. खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं ते आपल्या महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला, 1936 च्या डिसेंबरात. तिथली सजावट नंदलालांनी बांबू आणि गवत अशा गावच्याच वस्तूंतून उभी केली. हेच नंदलाल तरुणपणी, 1909-10 च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅमबाईंच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत बसले होते. मग 1938 च्या फेब्रुवारीत हरिपुरा. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस, आणि त्यांची मिरवणूक निघाली ती एक्कावन्न बैलांच्या रथातून.

“किती?”

“एक्कावन्न.”

मामानं मान हलवली. “एवढे बैल एका जुवाखाली सरळ चालवनारा गडी कोन हुता, त्याचं चित्र काढाया पाहिजे हुतं.” हा मुद्दा मला अजून कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही.

आणि मला ज्या गोष्टीनं वेड लावलं ती ही, की ते फलक भिंतीवर टांगून ठेवायला काढलेलेच नव्हते! नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून चारशेच्या आसपास काढले आणि अधिवेशनाच्या आवारात, वेशींवर, वाटेवर लावले. बैलगाडीतून आलेल्या, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या माणसाला जाता जाता दिसावेत म्हणून. म्हणून रेघ एवढी जाड, म्हणून रंग एवढे थोडे. बघणारा कोण आहे हे चित्रकाराला नेमकं ठाऊक होतं. तो बघणारा मामाच होता! फक्त त्याला पोचायला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लागली, आणि तोही उन्हाला कंटाळून आत आला म्हणून. उरलेल्या फलकांपैकी बरेच आता इथं, काचेमागं, एसीत.

मामाला त्याची काही खंत वाटली नाही, मलाच उगीच वाटली. तो खूश होता. एका चित्रातल्या माणसानं दोर चुकीचा धरलाय असं त्याचं मत पडलं आणि ते त्यानं मला तीनदा करून दाखवलं. शेवटी तिथली सुरक्षारक्षक बाईही हसायला लागली. ती हरियाणाची होती, तिच्या घरी म्हशी, मग दोर या विषयावर दोघांचं हिंदी-मराठी-हरियाणवीत जे काही जमलं ते ऐकण्यासारखं होतं.

पुढं हुसेन. ‘जमीन’ नावाचं लांबच लांब चित्र, 1955 चं, ज्याला ललित कला अकादमीच्या प्रदर्शनात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाया, जनावरं, चाक, सगळं तुकड्या-तुकड्यांत. डावीकडून उजवीकडं चालत जायचं म्हणजे एखाद्या गावातून चालत गेल्याचं सुख. मी म्हटलं, “मामा, हे पंढरपूरला जन्मले होते. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं.”

“पंढरपूरचे? मग वारीतलेच की आपल्या.” विषय संपला. हुसेनवर मी एवढे लेख वाचलेत, एवढी भांडणं वाचलीत, पण इतक्या सरळपणानं त्यांना कुणी घरात घेतलेलं पाहिलं नव्हतं.

गायतोंड्यांपाशी मात्र मामानं हात टेकले. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूर 1924, मूळचे गोव्याकडचे, नंतर दिल्लीतच राहिले, 2001 साली गेले. चित्रात माणूस नाही, बैल नाही, शेत नाही. नुसता रंग, त्याच्याखाली दुसरा रंग, त्याच्याखाली तिसरा, मधेच काही खुणा तरंगताहेत. रोलरनं आणि सुरीनं रंग लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, अशी त्यांची पद्धत. चित्राला नाव द्यायलाही तयार नसत. मामा म्हणाला, “ह्ये अजून व्हायचंय वाटतं,” आणि बाकावर जाऊन बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

मी तिथंच राहिले. सुरुवातीला काहीच झालं नाही. पाच मिनिटं मी प्रामाणिकपणे कंटाळले. आणि मग हळूहळू खालचा रंग वर यायला लागला. मांजऱ्याच्या धरणात पाणी उतरायला लागलं की बुडालेले बांध दिसू लागतात ना, तसा. समजलं असं काही नाही. समजण्याची गरजच वाटेना! प्रत्येक गोष्टीचे चार पर्याय करून त्यातला एक निवडायची सवय लागलेल्या माझ्या डोक्याला त्या दुपारी एक अशी वस्तू भेटली की जिला अ, ब, क, ड काहीच लागू पडत नव्हतं, आणि त्यातून जो मोकळेपणा आला तो मी कुणाला कसा सांगू!

रूमवर आल्यावर मैत्रिणींना मी बोलून बोलून इतकं भंडावून सोडलं की त्यांनी शेवटी दिवे घालवले. पुढच्या रविवारी त्यातल्या दोघींना ओढत नेलं. एकीला शेरगिल आवडलीच नाही. “फार गप्प आहेत गं सगळ्या,” म्हणाली, आणि ती टागोरांच्या चित्रांपुढं जाऊन बसली, ज्यांत मला भुतं दिसतात. त्यावरून आमचं भांडण झालं. चित्रांवरून भांडण! राजेंद्रनगरात भांडणं होतात ती बाथरूमच्या नंबरावरून आणि कटऑफवरून. मला ते भांडण फार आवडलं.

आता सगळीकडे बघायचा नादच लागलाय. दिवाळीला घरी आले ती आधी बीडला कंकालेश्वरला गेले. पाण्यात उभं असलेलं ते देऊळ मी लहानपणापासून बघतेय, महाशिवरात्रीच्या जत्रेत तिथं आइसकांडी खाल्लीय, पण देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर हातात शस्त्रं घेतलेल्या बाया कोरल्यात हे मी नीट पाहिलंच नव्हतं! तारकेसारखी कोनाकोनांनी फिरणारी भिंत, आणि प्रत्येक कोनावर ऊन वेगळं. आंबेजोगाईचे हत्तीखान्यातले दगडी हत्ती तर आम्ही घसरगुंडी म्हणून वापरले. आता त्यांच्या पायांपाशी वाकून बघते तर बरोबरची भाचरं विचारतात, आत्या, काही हरवलं का?

आणि या नादातच मला औंध सापडलं. सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराचं औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, कीर्तनं करायचे, अजिंठा-वेरुळावर पुस्तकं लिहायचे, सूर्यनमस्काराचा प्रचार करायचे. त्यांनी त्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभारलं. कधी? 1938 साली! म्हणजे हरिपुऱ्याच्या वाटेवर बैलांची चित्रं लागली त्याच वर्षी. आणि त्याच वर्षाअखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. तिथं रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. हेन्री मूर! खटाव तालुक्यात! मी धावत मामाकडं गेले. तो टायरगाडीचं चाक बघत होता, टोळी निघायला चार दिवस होते.

“औंध? यमाईचं?” मामा म्हणाला. “त्या अंगाला दोन हंगाम तोडलाय आम्ही. डोंगर समोर दिसायचा कोपीतनं. एकदा दर्शनाला गेलो.”

“आणि संग्रहालय?”

“शाळंची पोरं जायची. आमाला वाटलं सरकारी ऑफिस आसंल.”

मी कपाळाला हात लावला. मग मी त्याला एका दमात सगळं सांगितलं, त्याचे डोळे हळूहळू बारीक होत गेले, आणि शेवटी त्यानं एकच चौकशी केली: तिथं बैल आहेत का? मी म्हटलं, असतील, बघूया. मग ठरलं, की पट्टा पडला, हंगाम संपला की गावाकडं सरळ न येता त्यानं आणि मामीनं साताऱ्यातच थांबायचं आणि मी दिल्लीहून तिथं यायचं. थोरलीलाही आणायचं, पोरांसकट. खर्चाचा विषय मामानंच काढला. एसटीत तुम्हा बायांना अर्धं तिकीट, पोरांना अर्धं, पूर्ण भरायचं ते माझं एकट्याचं, तर ते तू भरायचं, कारण बोलावणं तुझं आहे, असं तो म्हणाला, आणि मामीनं आतून ओरडून सांगितलं की भाकरी मी बांधून घेईन, पण डोंगर चढायचा तर सकाळीच चढायचा.